निराधार, रेशन, दिव्यांग योजनांची प्रकरणं हाताळताना: कायद्याच्या विद्यार्थी स्वयंसेवकांसाठी टप्प्याटप्प्यानं मार्गदर्शक

निराधार अनुदान, विधवा निवृत्तिवेतन, रेशनकार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, बांधकाम कामगार नोंदणी या कामांत मदत करायला कायद्याचे विद्यार्थी मोठ्या उत्साहानं येतात, आणि बहुतेक जण एकाच पद्धतीनं चुकतात. आधी फॉर्म भरतात, मग कागद गोळा करतात, अर्ज अडला की साहेबांना भेटायला जातात, आणि परीक्षा जवळ आली की येणं बंद करतात. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळतं. अर्जदाराच्या हातात मात्र अर्जाची पोचसुद्धा नसते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच पाळा. करिअरचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. या कामाचा उपयोग नोकरीत, वकिलीत किंवा पुढच्या प्रवेशात होतो, पण त्यासाठी प्रकरणं नीट हाताळलेली आणि त्यांची नोंद ठेवलेली असावी लागते. नुसत्या प्रमाणपत्रानं तो होत नाही.

## टप्पा १: कोणाच्या देखरेखीखाली काम करणार, ते आधी ठरवा

एकट्यानं, ओळखीतून, व्हॉट्सॲपवरून मदत सुरू करू नका. तीन रीतसर वाटा आहेत.

पहिली वाट तुमच्या महाविद्यालयाच्या विधी सेवा केंद्राची, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या कक्षाची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम ४ मध्येच विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांतल्या अशा केंद्रांचा उल्लेख आहे. अनेक महाविद्यालयांत ते फक्त फलकापुरतं उरलेलं असतं. तिथं आठवड्याचा ठरलेला वार आणि जबाबदार प्राध्यापक नसेल, तर दुसरी वाट धरा.

दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवण्याची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेनुसार कायद्याच्या विद्यार्थ्यांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेईपर्यंत असं काम करता येतं. निवड होते, प्रशिक्षण होतं, ओळखपत्र मिळतं. नेमलेल्या दिवसांचं थोडं मानधनही असतं, पण त्यावर महिन्याचा हिशेब बसवू नका.

तिसरी वाट या विषयात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेची किंवा कामगार संघटनेची. तिथं शिकायला सगळ्यात जास्त मिळतं, फक्त तुमचे मसुदे तपासणारा वकील संस्थेकडे आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

सावधान. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार सनद नसलेल्या माणसाला कोर्टात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करता येत नाही, आणि बेकायदा वकिलीसाठी कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्जदाराशी बोलणं, कागद तपासणं, मसुदा करणं, सोबत जाणं, पाठपुरावा करणं, एवढं तुमचं काम. वकीलपत्र घेणं, स्वतःच्या नावानं बाजू मांडणं, "मी तुमचा वकील" असं सांगणं, यातलं काहीही नाही. अर्जदारानं वकीलसाहेब म्हटलं तर लगेच दुरुस्त करा. थोडं अवघडल्यासारखं होईल, तरी करा.

तपासा. तुमचा मसुदा कोण वाचणार, त्याचं नाव माहीत आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: योजनांचा एकच गट निवडा आणि शासन निर्णय स्वतः वाचा

सगळ्या योजनांची जुजबी माहिती असलेला स्वयंसेवक अर्जदाराच्या फारसा कामाचा नसतो. पहिल्या वर्षी एकच गट घ्या. माझं मत विचाराल तर निराधार आणि निवृत्तिवेतन योजनांपासून सुरुवात करा. त्यात पात्रता, पुरावा, चौकशी, मंजुरी, बंद पडणं असे सगळे प्रश्न एकाच प्रकरणात भेटतात.

या गटात निदान एवढं पाठ हवं:

- संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालच्या निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींसाठी आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. राज्यात किमान १५ वर्षं रहिवास हवा. दिव्यांगत्व किमान ४० टक्के.
- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे.
- इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेसाठी वय किमान ४० आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ४० टक्के चालत नाही, ८० टक्के लागतात.

विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात ते यादीतल्या शेवटच्या मुद्द्यात. पस्तिशीतली विधवा केंद्राच्या योजनेत बसत नाही म्हणून तिला परत पाठवलं जातं, पण ती राज्याच्या योजनेत बसू शकते. एका योजनेत नकार आला की लगेच शेजारच्या योजनेची पात्रता तपासायची, ही सवय लावून घ्या.

माहिती यूट्यूबवरून किंवा फिरत आलेल्या संदेशावरून घेऊ नका. शासन निर्णयांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ निर्णय उतरवा आणि त्याची तारीख वहीत लिहा. अनुदानाची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. जुनी पीडीएफ हाताशी असेल, तर दिव्यांग माणसाला त्याच्या हक्काचा आकडाच चुकीचा सांगितला जाईल.

हाताशी आणखी दोन कायदे ठेवा: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. योजना कुठलीही असो, पाठपुरावा या दोन कायद्यांवरच चालतो.

तपासा. निवडलेल्या योजनेची पात्रता, लागणारे कागद, मंजुरी देणारा अधिकारी आणि अपिलाची वाट हे एका पानावर, न पाहता लिहिता येतं का?

## टप्पा ३: पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका

समोरची व्यक्ती बसली की पेन खाली ठेवा आणि आधी ऐका. लोक योजनेचं नाव सांगत नाहीत. "माझा पगार बंद झाला" एवढंच म्हणतात. कुठला पगार, ते पासबुकातल्या नोंदीवरून कळतं. म्हणून निरोप देतानाच पासबुक भरून आणायला सांगा.

मग या क्रमानं विचारा: घरात कोण कोण आहे आणि कमावतं कोण, आधी कुठे अर्ज केला होता का, त्याचा कुठला कागद जवळ आहे का, पैसे पूर्वी येत होते का आणि शेवटचा हप्ता कधी आला. "आधी अर्ज केला होता का" हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. जुना अर्ज प्रलंबित असताना नवा टाकला की दोन्ही अडकतात, आणि मूळ अर्जाची तारीख सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

बाईमाणूस असेल आणि सोबतचा नातेवाईकच सगळी उत्तरं देत असेल, तर थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलता येईल अशी सोय करा. परित्यक्ता असणं, मुलानं सांभाळणं सोडणं, पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात असणं या गोष्टी चारचौघांत सांगितल्या जात नाहीत, आणि पात्रता नेमकी त्यावरच ठरते.

भेट संपताना तीन गोष्टी सांगा: आपण काय करणार, अर्जदारानं काय आणायचं, आणि पुन्हा कधी भेटायचं. "होऊन जाईल" हे शब्द टाळा. मंजुरी तुमच्या हातात नाही. खोटी आशा धरून बसलेलं माणूस पुढच्या खेपेला खऱ्या सल्ल्यावरही विश्वास ठेवत नाही.

सावधान. मूळ कागद ठेवून घेऊ नका. आधारकार्डाचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये किंवा मित्रांच्या ग्रुपवर ठेवू नका. झेरॉक्स केंद्राच्या फायलीत, कुलपाखाली. पैसे तर चहापाण्याचेही घेऊ नका.

## टप्पा ४: कागदांचा ताळा

बहुतेक अर्ज पात्रतेवर पडत नाहीत, ते इथे पडतात. घाई करायची नाही असा हा टप्पा आहे.

सगळे कागद टेबलावर पसरा आणि एका तक्त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि खाते क्रमांक प्रत्येक कागदावर जसा आहे तसा उतरवून काढा. स्वतःच्या मनानं दुरुस्त करू नका. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, आणि पतीच्या मृत्यू दाखल्यावर त्याच्या नावाचं तिसरंच रूप, हे नेहमीचं आहे. आधारवरची जन्मतारीख कित्येकदा अंदाजानं १ जानेवारी टाकलेली असते. वयावर योजना ठरत असल्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद आहे का, हे आधी पाहा.

कागद मिळवण्याचाही एक क्रम आहे. वेळ लागणारा कागद आधी: दिव्यांग प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मृत्यू दाखला, नावातली दुरुस्ती. मुदतीचा कागद शेवटी, म्हणजे उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला बाकीचे कागद जमेपर्यंत निरुपयोगी होतो, आणि त्या माणसाची मजुरी पुन्हा एका खेपेत बुडते.

आता बँकेचं. अनुदान थेट खात्यात येतं आणि आधारशी सीडिंग झालेल्या खात्यातच येतं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असा सार्वत्रिक समज आहे. खात्याला आधार जोडणं वेगळं, आणि लाभाची रक्कम त्या खात्यात यावी म्हणून होणारं सीडिंग वेगळं. अर्जदाराची दोन-तीन खाती असतील तर शेवटी ज्याचं सीडिंग झालं त्यात पैसे जातात. "पैसे आले नाहीत" अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांचे पैसे विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्जदाराच्या ओटीपीनं सीडिंगची स्थिती दिसते. ओटीपी अर्जदारानं स्वतः टाकावा, तुम्ही विचारू नये.

प्रतिज्ञापत्र लागलं तर लक्षात ठेवा: शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही बाहेरचे लोक स्टॅम्पपेपर घ्यायला लावतात. महिन्याला दीड-अडीच हजाराच्या अनुदानासाठी आलेल्या माणसाला हा खर्च जड जातो.

सावधान. २१,००० रुपये वार्षिक म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ही मर्यादा इतकी खाली आहे की "दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तुम्ही तो देऊ नका आणि त्यावर साक्षीदार म्हणून सहीही करू नका. अडचण अर्जदाराला येईलच, शिवाय तुमच्या सनदेच्या अर्जात चारित्र्याचा प्रश्न उभा राहू शकतो. उत्पन्न खरोखरच कमी असेल तर तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या चौकशीत ते दिसेल असे पुरावे जोडा: कोण कमावतं, किती दिवस काम मिळतं, जमीन कोणाच्या नावावर आहे.

तपासा. तक्त्यात कुठल्याही रकान्यात दोन वेगळी रूपं उरली आहेत का? उरली असतील तर त्याचा खुलासा करणारा कागद जोडला का?

## टप्पा ५: अर्ज आणि पोच

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा तहसील कार्यालयात जातो. भरलेला अर्ज अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. अंगठा असेल तर साक्षीदाराचं नाव लिहा.

अर्ज दिला की पोच घ्या. तारीख, शिक्का, अर्ज क्रमांक, तिन्ही हवेत. "ठेवून जा, बघतो" असं सांगून पोच दिली नाही तर अर्ज स्पीड पोस्टानं पोचदेय पाठवा. पोच नसेल तर पुढची प्रत्येक मुदत मोजणं अशक्य होतं. अर्ज केला होता, हेच सिद्ध करता येत नाही. त्रुटी तोंडी सांगितली तर नम्रपणे ती लेखी मागा.

कार्यालयात बोलताना एक पथ्य पाळा. तिथले कर्मचारी शत्रू नाहीत. एका टेबलावर अनेक योजनांचं काम असतं, आणि व्यवस्थित लावलेली फाइल त्यांनाही हवीच असते. पृष्ठ क्रमांक टाकलेली, वर यादी असलेली फाइल लवकर वाचली जाते.

## टप्पा ६: पाठपुरावा

विद्यार्थी गळतात ते या टप्प्यावर, आणि कायदा खऱ्या अर्थानं शिकायला मिळतो तोही इथेच. प्रत्येक प्रकरणाला एक पान द्या: अर्जाची तारीख, पुढची मुदत, कोणाशी काय बोलणं झालं, पुढची कृती, ती कोण करणार.

### सेवा अधिसूचित असेल तर

उत्पन्नाचा दाखला, वय व अधिवास प्रमाणपत्र अशा सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. त्यांना ठरलेली मुदत आहे आणि ती कार्यालयातल्या फलकावर लावलेली असायला हवी. मुदत उलटली किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. नकार कारणांसह लेखीच द्यावा लागतो. पहिल्या अपिलानंतर दुसरं, आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग अशी चढण आहे.

अपील लांबलचक नको. अर्ज कधी केला, मुदत कधी संपली, काय मागतो, सोबत काय जोडलं, एवढं एका पानात बसतं. घटनेच्या कलम १४ आणि २१ वर निबंध लिहायचा मोह आवरा. अपील अधिकाऱ्याला तारखा हव्या असतात.

### फायलीचं काय झालं हे कळत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण अर्जदाराच्या नावानं. तुम्ही तुमच्या नावानं केला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तो अडवला जाईल. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत हवा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ आहे, पुरावा जोडा.

"माझा अर्ज का मंजूर केला नाही?" असा प्रश्न विचारू नका. "का" ला उत्तर मिळत नाही, कारण कायदा असलेली कागदपत्रं देण्याचा आहे. असं लिहा:

> माझ्या दिनांक … च्या, क्रमांक … च्या अर्जाबाबत: (१) त्यावरील कार्यालयीन टिपणीची प्रत; (२) चौकशी अहवालाची प्रत; (३) ज्या बैठकीत हा अर्ज ठेवला त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित भागाची प्रत; (४) अर्जावरील अंतिम आदेशाची प्रत.

हा अर्ज गेला की कित्येकदा मूळ फाइलच हलते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मग राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरं. राज्यात अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

### पैसे येत होते आणि बंद झाले तर

नवा अर्ज करू नका. आधी पासबुक आणि सीडिंग पाहा. मग या वर्षीचा हयातीचा दाखला दिला होता का, ते विचारा. त्यानंतर वय पाहा: ६५ पूर्ण झाल्यावर लाभार्थी दुसऱ्या योजनेत वर्ग व्हायला हवा आणि या बदलात नाव गळून पडू शकतं. यांतलं काहीच नसेल तर तहसील कार्यालयाकडे लाभ बंद केल्याच्या आदेशाची प्रत मागा. म्हणणं ऐकून न घेता चालू लाभ बंद करणं हा नैसर्गिक न्यायाचा प्रश्न आहे, आणि असं प्रकरण वकिलापर्यंत गेलंच पाहिजे.

### रेशनचा प्रश्न असेल तर

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य. "धान्य कमी मिळतं" या तक्रारीत सगळ्यात आधी कार्डावर किती नावं आहेत आणि रेशनच्या ऑनलाइन नोंदीत किती आहेत ते जुळवा. कलम १५ खालचा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि कलम १६ खालचा राज्य अन्न आयोग या दोन पायऱ्या आहेत.

सावधान. ओळखीच्या पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन काम करून आणू नका. त्या एका माणसाचं काम होईल, पण फायलीत काहीच उरणार नाही. पुढच्या वर्षी लाभ बंद पडला तर दाखवायला कागद नसेल.

## टप्पा ७: प्रकरण वकिलाकडे कधी सोपवायचं

लेखी नकार चुकीच्या कारणावर आहे, अपील फेटाळलं गेलं आहे, चालू लाभ बंद झाला आहे, वसुलीची नोटीस आली आहे किंवा घरात हिंसा आहे, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्री अर्जदाराकडे उत्पन्नाचा दाखला मागून तिला परत पाठवू नका. तिला उत्पन्नाची अट लागू नाही.

सोपवताना तोंडी गोष्ट सांगू नका. एक पान तारीखवार घटनाक्रम, एक पान कागदांची यादी, आणि एका ओळीत नेमका प्रश्न. उद्या उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली (सरकारी निर्णयाविरुद्धची रिट) याचिका करायची झाली, तर हाच घटनाक्रम तिचा कणा होतो.

## टप्पा ८: परीक्षेआधी हस्तांतर

सत्र परीक्षेच्या किमान महिनाभर आधी नवीन प्रकरणं घेणं थांबवा. चालू प्रत्येक प्रकरणाच्या पानावर पुढची मुदत लाल शाईनं लिहा, दुसऱ्या स्वयंसेवकाचं नाव टाका, आणि अर्जदाराला फोन करून सांगा की आता कोण भेटेल. अपिलाचे ३० दिवस तुमच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत.

तपासा. तुम्ही उद्यापासून आला नाहीत तर तुमची फाइल वाचून दुसऱ्याला काम पुढे नेता येईल का?

## टप्पा ९: या कामातून करिअरसाठी काय आणि कसं उभं करायचं

आधी काय मोजलं जातं, ते स्पष्ट करू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते. ती स्वयंसेवी संस्थेत चालते, पण कुठल्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरता येत नाही आणि एकदा तरी वकिलांकडे करावी लागते. दर शनिवारचं काम यात धरलं जाईल का, हे काम सुरू करण्याआधी महाविद्यालयाला लेखी विचारा. संपल्यावर विचारणाऱ्यांची निराशा होते. इंटर्नशिपची रोजनिशी काम चालू असतानाच लिहा.

जे मोजलं जात नाही तेही ऐका. न्यायिक सेवेसाठी किंवा वकिलांच्या पॅनलसाठी वकिलीच्या वर्षांची अट असते तिथं विद्यार्थीदशेतलं हे काम वकिली म्हणून धरलं जात नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर येण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा बारचा अनुभव लागतो. सनद घेतली की विद्यार्थी म्हणून असलेलं विधी स्वयंसेवकाचं काम संपतं. ही दरी आधीच माहीत असू द्या.

मग उपयोग कशाचा? निराधार अनुदानाचं एक प्रकरण शेवटपर्यंत नेलेल्या विद्यार्थ्याला प्रशासकीय कायद्यातला कारणासहित आदेश म्हणजे काय, हे उदाहरणानं सांगता येतं. त्यानं घाबरलेल्या माणसाची मुलाखत घेतलेली असते, विसंगत कागदांतून घटनाक्रम काढलेला असतो, मुदती सांभाळलेल्या असतात. सेवाविषयक, कामगार, विमा आणि रिट याचिकांच्या वकिलीत ज्युनिअरकडून पहिल्या दिवसापासून हेच लागतं. सामाजिक संस्था, धोरण संशोधन, विधी सेवा प्राधिकरणातली कंत्राटी पदं, सार्वजनिक कायद्यातलं एलएलएम यांना तर ते थेट लागू पडतं. मोठ्या कॉर्पोरेट फर्मला योजनेच्या नावात रस नसतो. तिथं मसुदालेखन आणि कागदांची छाननी पुढे करा.

बायोडेटात सगळे जण लिहितात: "गरजूंना कायदेशीर मदत केली." त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतकक्षात निराधार अनुदानाच्या अर्जांची छाननी, माहिती अधिकार अर्ज आणि लोकसेवा हक्क कायद्याखालील पहिल्या अपिलांचे मसुदे, पर्यवेक्षक वकिलांच्या देखरेखीखाली." पुढे संख्या द्या, पण नोंदवहीत जेवढी आहे तेवढीच. किती मंजूर झाले यापेक्षा तुम्ही स्वतः काय लिहिलंत, हे महत्त्वाचं. मुलाखतीत हमखास विचारलं जातं: "एक अडलेलं प्रकरण सांगा." त्यासाठी एक प्रकरण तयार ठेवा: अडचण काय होती, कुठली तरतूद लागली, तुम्ही कुठला कागद केला, निकाल काय आला. निकाल विरुद्ध गेला असेल तरी सांगा. नाव, गाव, आजार किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील मात्र सांगू नका, आणि लाभार्थ्यांसोबतचे फोटो लिंक्डइनवर टाकू नका.

लेखननमुना म्हणून एक अपील किंवा घटनाक्रम जवळ ठेवा. पर्यवेक्षकाची परवानगी घ्या आणि त्यातली सगळी ओळख काढून टाका.

सावधान. पैसे घेऊन घरबसल्या विधी साहाय्याचं इंटर्नशिप प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

शिफारसपत्र काम सोडताना, पर्यवेक्षकाला तुमच्या फायली आठवत असतानाच मागा. सोबत तुमच्या कामाचा एक पानाचा गोषवारा द्या: कालावधी, प्रकरणांचे प्रकार, केलेले मसुदे, हस्तांतर केलेल्या फायलींची यादी. त्या यादीतल्या प्रत्येक फायलीपुढे ज्यानं ती स्वीकारली त्याची सही असू द्या.